हळदीला सही-शिक्का लागतो

पेटंट परीक्षकाने ‘यात नवं काय? हे तर आधीच ठाऊक होतं’ असा शेरा मारून अर्ज फेटाळला, की अर्जदार अपिलात जाऊन विचारतो, ठाऊक होतं म्हणजे नेमकं कुणाला? अमेरिकी न्यायालयांनी या प्रश्नाची दिलेली उत्तरं हसू दाबून वाचावीत. ‘हॉल’ खटल्यात जर्मनीतल्या फ्रायबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयातला एक प्रबंध आड आला. एका गावच्या कपाटातलं बाड जगाला कसं ठाऊक असणार, हा अर्जदाराचा युक्तिवाद 1986 साली अपील न्यायालयाने उडवून लावला. सूचीत नोंद होती, मागणाऱ्याला प्रबंध मिळाला असता, बस्स. तो कुणी खरोखर मागितला होता का, हे विचारायचं कारण नाही.

ठीक, हा न्याय मान्य. मग 1995 साली जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं कसं? तेव्हाच्या कायद्यात परदेशातलं ज्ञान छापलेलं किंवा पेटंट घेतलेलं असेल तरच जमेस धरत. म्हणजे फ्रायबर्गचं बाड चालतं, पिढ्यानपिढ्या हळद चेपणाऱ्या बायका चालत नाहीत. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या सीएसआयआर या भारतीय संशोधन संस्थेने जुने ग्रंथ उपसले, 1953 चा एक वैद्यकीय लेख पुढे केला, तेव्हा कुठे 1997 साली पेटंट रद्द झालं.

यावर कुणी म्हणेल, तोंडी गोष्टीवर विश्वास ठेवला तर उद्या कुणीही उठून ‘आमच्याकडे हे पूर्वीपासून होतं’ म्हणेल. रास्त आहे, आपल्याकडे तर विमानसुद्धा पूर्वीपासूनच असतं. पण अमेरिकेच्या हद्दीत कागदाचा हा हट्ट नव्हता, तिथे नुसता वापर पुरे होता. 1881 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कॉर्सेटच्या पोलादी पट्ट्यांचं पेटंट बाद ठरवलं. का, तर शोधकर्त्याने त्या आपल्या मैत्रिणीला दिल्या होत्या आणि पेटंट मागण्याआधी कित्येक वर्षं ती त्या वापरत होती, कपड्यांच्या आत, कुणाच्या नजरेस न पडता. हा झाला सार्वजनिक वापर! आणि अंगणात, चारचौघांसमोर पोराच्या फुटलेल्या गुडघ्यावर दाबलेली हळद मात्र हिशेबाबाहेर.

2013 पासून तिथे परदेशातला वापरही ग्राह्य धरतात. मात्र दिलेलं पेटंट फेरतपासणीला लावायचं, तर पुरावा आजही जुन्या पेटंटचा नाहीतर छापील कागदाचाच लागतो. तेव्हा आजीने हळद लावताना तारीख, सही आणि पृष्ठक्रमांक टाकायला विसरू नये.