शितावरून बिर्याणी

नव्या सिनेमाच्या शुक्रवारी हैदराबादच्या प्रसाद्स मल्टिप्लेक्सबाहेर जरा उभं राहावं. पहिला खेळ सुटतो, माणसं उन्हात डोळे बारीक करत बाहेर येतात, कुणीतरी तोंडासमोर माइक धरतं आणि तीन तासांच्या सिनेमाचा निकाल पंधरा सेकंदांत लागतो. इथे या निकालाला ‘टॉक’ म्हणतात. हिट टॉक, फ्लॉप टॉक आणि एकमत झालंच नाही तर डिवाइड टॉक. काही उतावळे मध्यंतरातच टॉक देऊन टाकतात. मग उरलेला सिनेमा निवांत बघता येतो.

अशा शहरात वाढलेल्या मराठी मुलाला हा गुण न लागता तरच नवल. आपण त्याला चाखणकर म्हणू. खरं आडनाव देशपांडे, कुलकर्णी, पाटील, काहीही असू शकतं. चाखणकर ही वृत्ती आहे. वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे, बालपण काचीगुड्यात, नोकरी गच्चीबावलीत. घरी मराठी, ऑफिसात इंग्रजी, कँटीनमध्ये तेलुगू आणि राग आला की दखनी. सिनेमाचा टॉक देणारे शहरात पुष्कळ आहेत, म्हणून याने स्वतःचं वेगळं खातं उघडलं आहे. हा व्हिडिओ गेमचा टॉक देतो. त्यातही राक्षस, जादूगार, शापित तलवारी आणि शंभर तास पुरेल एवढी कथा असलेल्या अद्भुतरम्य आरपीजीचा, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायच्या खेळाचा.

यासाठी लागणारा कॉम्प्युटर त्याने सिकंदराबादच्या पार्कलेनवरच्या चेनॉय ट्रेड सेंटरमधून, म्हणजे सीटीसीतून, एकेक भाग आणून उभा केला. ग्राफिक्स कार्ड घरी आलं त्या दिवशी आईने खोक्याला हळदकुंकू वाहिलं. किंमत ऐकून तिला वाटलं होतं, गाडी घेतली.

तर ३ ऑगस्ट २०२३, गुरुवार. बेल्जियममधल्या घेंटच्या लॅरियन स्टुडिओजचा ‘बाल्डर्स गेट ३’ भारतात रात्री साडेआठला खुला होणार होता. तसा तो ऑक्टोबर २०२०पासून अर्धामुर्धा विकायला होताच. पण चाखणकर अर्धवट शिजलेलं खात नाही. त्यावर बोलतो फक्त. खेळ आधी उतरवून ठेवायची सोयही नव्हती. साडेआठच्या ठोक्याला जगभरातले सगळे एकदमच नळाला लागले. डिस्कवर दीडशे जीबी जागा हवी, त्यामुळे शंभर एमबीपीएसच्या जोडणीवरसुद्धा तीनेक तासांची निश्चिंती. या तासांत त्याने तीन मित्रांना कळवलं, “सर्व्हरची बोंब आहे. वाइट लक्षण.” पहिला अभिप्राय हा असा, खेळ सुरू होण्याच्या आधीचा.

त्याच्या घाईला एक व्यावहारिक कारणही आहे. स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेला खेळ चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल, तर सहसा पैसे परत मिळतात. कंपनीने ही सोय केली ग्राहकाच्या समाधानासाठी. चाखणकरने तिचं व्रत केलं. एक तास एकोणसाठ मिनिटांपर्यंत तो परीक्षक असतो, दोन तास झाले की नुसता गिऱ्हाईक. २,९९९ रुपयांचा प्रश्न आहे.

आणि नेमका हा खेळ सुरू होतो पात्रनिर्मितीने. अकरा वंश, बारा वर्ग. माणूस व्हायचं की एल्फ, बुटका की ड्रॅगनच्या तोंडाचा? योद्धा, जादूगार की बार्ड? बार्ड म्हणजे शाहीर. पण हा शाहीर टोमणा मारून शत्रूला जखमी करतो. खेळात तसा मंत्रच आहे. (चाखणकरच्या पुण्याच्या आत्याला तो कुणी शिकवावा लागला नाही.) शेवटी त्याने टीफलिंग निवडला, म्हणजे शिंगं आणि शेपटीवाला. मग शिंगं कोणती? मेंढ्यासारखी वळलेली की सरळ? टोकं वेगळ्या रंगात रंगवायची का? बुबुळं कुठल्या रंगाची? घड्याळ चालूच होतं. चाळीस मिनिटांनी त्याने पुढे जायची कळ दाबली, तेव्हा खेळ म्हणाला, आता आणखी एक पात्र घडव, तुझा पाठीराखा. कोण पाठीराखा, कशासाठी, काही खुलासा नाही. पहिल्या रात्री या पडद्यापाशी भलेभले गोंधळले. चाखणकर एका गंभीर चेहऱ्याच्या बाईचे केस बदलून बघत असताना आई पाणी प्यायला उठली होती.

“ही कोण रे?”

“अगं, खेळातली आहे.”

“मग हिच्यासाठी अर्धा तास आणि मी पाठवलेल्या फोटोंवर एक नजर टाकून पुढे?”

“आई, एका फोटोवरून काय कळतं माणसाचं?”

हे वाक्य बोलताना आपण कोण आहोत, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

कथा एका उडत्या जहाजावर सुरू होते. तोंडाला सोंडा असलेला एक प्राणी नायकाच्या डोळ्यात अळी सोडतो आणि तिथून पुढे फासे. कुणाला पटवायचं असो की कुलूप उघडायचं, पडद्यावर वीस बाजूंचा फासा गडगडतो. ही परंपरा १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या पटावरच्या खेळाची. पण दान उलटं पडणं ही गोष्ट आपल्याला काही अमेरिकेने शिकवलेली नाही. या खेळात एकाचं दान पडलं, की अंगात कितीही कसब असो, काम फसलंच. चाखणकरचं पहिलंच दान एकाचं पडलं. त्याने एफ-८ दाबून मागचा डाव परत आणला. पुन्हा फेकलं, तीन. पुन्हा एफ-८. धर्मराजाला ही कळ मिळाली असती, तर महाभारत सभापर्वातच आटोपलं असतं.

एक तास बावन्न मिनिटांनी टॉक बाहेर पडला. ग्राफिक्स ठीक. फाँट बारीक. लढाई टर्न-बेस्ड, म्हणजे आपण एक घाव घालायचा आणि समोरच्याची पाळी संपेपर्यंत रांगेत उभं राहायचं, हे काम तो आरटीओत फुकट करतो. कथा संथ. एकूण, मिड, म्हणजे बेताचाच. पैसे परत.

मलकपेटचा त्याचा जुना मित्र तेव्हा शिंगांपर्यंतसुद्धा पोचला नव्हता. तो म्हणाला, “देग चढीच नै, और तुम डकार दे दिये मियाँ!” यातला ‘च’ मूळचा आपला, ‘नक्को’सारखाच मराठीतून दखनीत गेलेला, त्यामुळे टोमणा घरच्यासारखा लागला. या मित्राचं घराणं अमीर हमजाच्या दास्तानी ऐकत वाढलेलं. नायकाच्या पिशवीत चार तलवारी, चिलखत, फावडं, दोरखंड आणि दहा दिवसांचा शिधा मावतो, याची चाखणकरला थट्टा सुचली होती. मित्राला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. त्या दास्तानींतल्या अमर अय्यारच्या जंबीलमध्ये, म्हणजे झोळीत, तर अख्खी शहरं मावायची.

देगीचा दाखला मित्राने सहज दिला असेल, पण तो विचार करण्याजोगा आहे. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. भात वरपासून तळापर्यंत एकच असतो, म्हणून ती करता येते. हैदराबादी कच्च्या गोश्तच्या बिर्याणीत मात्र खाली मसाल्यात मुरलेलं कच्चं मटण, वर अर्धकच्चा भात, आणि मग कणकेने झाकण बंद करून दम. वरच्या शिताला तळाशी काय चाललंय याचा पत्ता नसतो. पण गंमत अशी, की ही बिर्याणी करणारा बावर्ची भात थरावर पसरण्याआधी एक शीत बोटांत चिरडून बघतोच. त्या शितावरून तो बिर्याणी कशी झाली ते सांगत नाही, भात कधी उपसायचा तेवढं ठरवतो.

त्यामुळे चाखणकरला सरसकट मोडीत काढणं बरोबर नाही. अक्षरं वाचता येतात का, कळा बोटांना सापडतात का, मशीन हुंदके देतं का, हे पहिल्या तासात कळतं आणि ते कुणीतरी सांगायलाच हवं. १० डिसेंबर २०२० रोजी ‘सायबरपंक २०७७’ आला, तेव्हा जुन्या प्लेस्टेशनवाल्यांनी पहिल्याच दिवशी आरडाओरडा केला. आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला. ते चाखणकर खरे ठरले. फेब्रुवारी २०२२मध्ये ‘एल्डन रिंग’ आला, तेव्हा पीसीवर तो अडखळतो ही तक्रारही खरी होती. पण दार उघडून मैदानात पाऊल टाकताच सोनेरी चिलखतातला घोडेस्वार दिसतो, त्याच्या अंगावर धावून सात वेळा मरायचं आणि मग ‘खेळात तोल नाही’ असं लिहायचं, हे काही परीक्षण नव्हे. त्या स्वाराला वळसा घालून जाता येतं. चाखणकरला वळसा मंजूर नसतो.

वडिलांचं याच्या बरोबर उलट. ते ‘पंचधारा’चे जुने वाचक. हैदराबादच्या मराठी साहित्य परिषदेचं ते त्रैमासिक, तेव्हा एखाद्या पुस्तकावर मत यायला तीन महिने लागले तरी कुणाचं काही अडत नाही. नाथमाधवांचं ‘वीरधवल’ त्यांनी लहानपणी वाचलं आणि त्याबद्दल त्यांचं मत अजून तयार होतंय. त्यांनी मुलाला एवढंच विचारलं, “संपला का?”

“दोन टक्के झाला असेल.”

“मग बोलतोस कशावर?”

“फर्स्ट इम्प्रेशन, बाबा.”

वडिलांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचायला घेतलं.

खुद्द हैदराबादच्या ओगर हेड स्टुडिओने २०१७ साली ‘असुरा’ नावाचा खेळ काढला. आपल्या पुराणांच्या मातीतला, दर नव्या डावाला कौशल्यांचं झाड नव्याने वाढवणारा. त्यावर चाखणकरचं मत आहे. खेळलेला मात्र नाही. गावातलाच आहे, केव्हाही खेळता येईल, असं तो सालारजंग म्युझियमबद्दलही म्हणतो.

इकडे ‘बाल्डर्स गेट’चं काय झालं? १३ ऑगस्टला स्टीमवर एकाच वेळी पावणेनऊ लाखांच्या आसपास माणसं तो खेळत होती. तिसऱ्या अंकात, मोठ्या शहरात पोचल्यावर, मशीनं खरोखर धापा टाकू लागली. म्हणजे सांगण्याजोगी तक्रार होती, पण ती सापडायला साठ-सत्तर तास आत जावं लागत होतं. २५ ऑगस्टला हजारावर दुरुस्त्या आल्या. डिसेंबरात द गेम अवॉर्ड्समध्ये तो वर्षातला सर्वोत्तम खेळ ठरला आणि दिग्दर्शक स्वेन विंके चक्क चिलखत घालून बक्षीस घ्यायला गेला. मलकपेटचा मित्र तोवर एका घुबडतोंड्या अस्वलाच्या पिल्लाला आणि एका कुत्र्याला छावणीत सांभाळत होता. मूळ कथा त्याने दोन महिने तशीच सोडून दिली होती.

नाताळच्या सेलमध्ये खेळाला दहा टक्के सूट लागली. चाखणकरने तो परत घेतला आणि तीनशे रुपये वाचवले म्हणून मित्राला लकडी का पुलाजवळ इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं खिलवली. त्याच रात्री अकराला तो पुन्हा बसला. वंश तोच, शेपटी तीच. साडेअकराच्या सुमारास आई पाणी प्यायला उठली, दाराशी थबकली आणि म्हणाली, “अजून शिंगं ठरली नाहीत का रे?”