प्लेटमागच्या न्यायमूर्तींना अनावृत पत्र

माननीय पंच महोदय,



मुलींच्या शालेय सॉफ्टबॉल सामन्यात परवा आपण जो न्यायनिवाडा केलात, त्याबद्दल आपलं जाहीर अभिनंदन करावं म्हणून हे पत्र. खासगीत केलं असतं, पण सामना संपल्यावर आपण सापडलाच नाहीत.

होम प्लेट 17 इंच रुंद असते आणि तिच्यावरून, साधारण छाती ते गुडघा या उंचीतून गेलेला बॉल म्हणजे स्ट्राइक, एवढं आता आम्ही पालकही शिकलो आहोत. पण आपला स्ट्राइक झोन म्हणजे आपल्या छत्रपती संभाजीनगरचा नळ! कधी येणार, कोणत्या गल्लीत येणार, किती वेळ टिकणार, हे फक्त लाइनमनला ठाऊक. आमच्या मुलीने घोट्याजवळून गेलेला बॉल सोडून दिला, तर आपण गरजलात, "स्ट्राइक थ्री!" समोरच्या संघाची बॅटर उभी राहिली आणि तोच झोन आक्रसून वीतभर झाला.

हेही सोडून दिलं असतं. पण पाचवी इनिंग? लेक तिसऱ्या बेसवरून सुटली, मुरमात गुडघे सोलत घसरली, पाय प्लेटवर. कॅचरच्या ग्लोव्हमधून बॉल निसटला आणि घरंगळत आपल्याच बुटाला येऊन टेकला. आपण खाली पाहिलंत. आपण पाहिलंत हे मी पाहिलं. दोन्ही हात पसरून "सेफ" दिलंत. तेवढ्यात पलीकडच्या मांडवातून त्यांचे कोच खाकरले, आणि पसरलेल्या हातांची हवेतल्या हवेत मूठ झाली. "आऊट!" मुहम्मद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दिल्लीहून आपल्या शेजारी दौलताबादला आणली, ती परत न्यायला त्यालासुद्धा काही वर्षं लागली. आपण एका खाकरण्यात काम उरकलंत.

मग कळलं, की आपण समोरच्या संघाच्याच शाळेत पीटी शिकवता. 'घरचे पंच' हा आरोप नको म्हणून इम्रान खानने 1986 मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धच्या लाहोर कसोटीसाठी पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी हे दोन पंच थेट भारतातून बोलावले होते. आमची अपेक्षा एवढी मोठी नाही. जालन्याहून कुणी आलं असतं तरी चाललं असतं. एसटीचं भाडं आम्ही वर्गणी काढून दिलं असतं.

बेसबॉलवाल्या अमेरिकेत मात्र पंच फारच कच्च्या मनाचे निघतात. 2 जून 2010 रोजी डेट्रॉइटमध्ये जिम जॉइस यांनी सत्ताविसाव्या बॅटरला पहिल्या बेसवर चुकून सेफ दिलं आणि अरमांडो गलारागा या पिचरचा, एकाही बॅटरला बेसवर पोहोचू न देण्याचा 'परफेक्ट गेम' शेवटच्या आऊटवर हुकला. रीप्ले पाहून जॉइसनी त्याची माफी मागितली, दुसऱ्या दिवशी मैदानात डोळे पुसत उभे राहिले. शोभतं का हे पंचाला? आपण बघा, मास्क काढलात आणि सरळ पोह्यांकडे वळलात. त्या दिवशी आपल्याला स्पष्ट दिसलेली ती एकच प्लेट.

तिकडे आता 2026 च्या हंगामापासून स्ट्राइक-बॉलच्या निर्णयाला खेळाडू आव्हान देऊ शकतात. निवाडा कॅमेरे करतात. आपल्या मैदानावर कॅमेरा म्हणजे एका काकांचा मोबाइल, आणि ऐन क्षणी त्यात त्यांचा अंगठा आलाय. तेव्हा निर्धास्त असा.

"पालकांनी एवढं ओरडायचं काय कारण?" असं आपण स्कोअररला विचारल्याचं कानावर आलं. कारण सांगतो. जिल्हा जिंकला की विभाग, विभाग जिंकला की राज्य; त्या वाटेवर पुढे दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आहेत आणि सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण. पोरी त्यासाठी पहाटे साडेपाचला सराव करतात, शिकवणी बुडवतात, उन्हात काळ्या पडतात. आपली मूठ वळायला अर्धा सेकंद लागतो, म्हणून आपल्याला ओरडण्याचं नवल वाटलं असेल.

एक मात्र कबूल करतो. दिवसभर त्या उन्हात, छातीला पॅड बांधून, वाकून उभं राहणं सोपं नाही, आणि त्याचं मानधन काय मिळतं तेही आम्ही ऐकून आहोत. एवढ्या पैशांत एक डोळा उघडा ठेवलात, हेही काही कमी नाही.

आपला,
तिसऱ्या बेसमागून ओरडणारा बाप

ता. क. – लेकीने काल जाहीर केलं की तिला मोठेपणी अंपायर व्हायचंय. का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "बाबा, त्यांना कुणी काही विचारूच शकत नाही."