भिडस्तांसाठी बेसमेंट

न्यू जर्सीत घर घेतलेल्या मराठी कुटुंबाचे बेसमेंट पहिली काही वर्षे भारतवारीच्या बॅगा, लहान झालेली कार सीट आणि कॉस्टकोतून आणलेले टिश्यू पेपर यांच्या ताब्यात असते. मग एका भाद्रपदात कुणाकडे तरी आरतीला जाणे होते. आरती खाली असते. खाली उतरून बघावे तर छतात बसवलेले दिवे, कोपऱ्यात बार, भिंतभर टीव्ही आणि गणपतीसाठी मुद्दाम काढलेला कोनाडा. परतताना गाडीत कुणीच काही बोलत नाही. एडिसन ते ब्रिजवॉटर हे अंतर असे शांततेत कापले गेले, की कंत्राटदार नेमायची वेळ झाली असे खुशाल समजावे.

प्रस्तुत मार्गदर्शन अशाच कुटुंबांसाठी आहे. त्यातही, समोरच्याकडे कागद मागताना ज्यांची जीभ टाळूला चिकटते, त्यांच्यासाठी विशेष.

पहिला नियम : कंत्राटदार शोधायचा नसतो, तो सुचवला जावा लागतो. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘बेसमेंटसाठी कोणी चांगला आहे का?’ एवढे टाकले की पुरते. पाच मिनिटांत उत्तर येते, ‘आपला माणूस आहे, आमचं अख्खं बेसमेंट त्यानेच केलं.’ यावर आणखी काही विचारू नये. किती दिवस लागले, परमिट घेतले होते का, नंतर काही बिघडले तेव्हा तो परत आला का, हे विचारणे म्हणजे सुचवणाऱ्याच्या शब्दावर अविश्वास दाखवणे. पुढच्या महिन्यात त्यांच्या मुलीचे अरंगेत्रम आहे, आणि तिथे आपल्याला जायचे आहे.

राज्य सरकारला मात्र भीड हा प्रकार कळत नाही. २००४ साली न्यू जर्सीने गृहसुधारणा कंत्राटदारांच्या नोंदणीचा कायदा केला. त्यानुसार अशा कंत्राटदाराकडे ‘१३ व्हीएच’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. किमान पाच लाख डॉलरचा दायित्व विमाही लागतो. क्रमांक खरा की खोटा, हे ग्राहक विभागाच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसते. चहाला आधण येईपर्यंत होणारे काम. पण समजा, तपासले आणि क्रमांक निघालाच नाही, तर पुढे काय करणार? ‘आपल्या माणसाला’ तोंडावर सांगणार? त्यापेक्षा न तपासणे उत्तम. चहा मात्र करावा. तो मोजमाप घ्यायला येणारच आहे.

दुसरा नियम दरपत्रकाचा. जाणकार तीन दरपत्रके मागवायला सांगतात, आणि आपणही मागवावीत, कारण त्यामुळे निर्णय विचारपूर्वक घेतल्यासारखा वाटतो. पहिला कंत्राटदार अकरा पानांचे दरपत्रक पाठवील. त्यात जमिनीला टेकणारी पट्टी प्रेशर ट्रीटेड लाकडाची, बाथरूमच्या भिंतीला ओल सोसणारे शीटरॉक, किती प्लग, कोणत्या कंपनीचा पंखा, सगळे लिहिलेले असते. हा माणूस महाग आणि थोडा गर्विष्ठ वाटतो. दुसरा फोन उचलत नाही. ‘आपला माणूस’ रात्री साडेदहाला मेसेज करतो : ‘बेसमेंट फुल, ४५ के. ओके?’ यातला मोकळेपणा मनाला भावतो. ‘फुल’मध्ये बाथरूमचा पंखा येतो का, हे त्या मोकळेपणात विचारवत नाही. तो येत नाही, हे बाथरूममध्ये वाफ कोंडल्यावर कळते.

कायदा इथेही मध्ये तोंड घालतोच. पाचशे डॉलरच्या वरचे काम असेल तर करार लेखी हवा. त्यात काम कधी सुरू होणार, कधी संपणार, कोणता माल वापरणार हे लिहिलेले हवे, आणि मध्येच काही बदलले तर तोही बदल लेखी. कराराची प्रत हाती आल्यापासून कामकाजाचे तीन दिवस संपेपर्यंत तो रद्द करण्याची मुभा ग्राहकाला असते. नियम मोडून नुकसान केले, तर न्यायालय तिप्पट भरपाई देऊ शकते. ही सगळी तरतूद अर्थातच अनोळखी माणसांसाठी केलेली आहे. आपल्याकडे शब्द आहे. शब्दाला तारीख नसते, हाच त्याचा मोठेपणा.

आता परमिट. विषय नाजूक आहे, म्हणून सावकाश घेऊ. बेसमेंटला भिंती घालायच्या, वीज खेळवायची, बाथरूम काढायचे, तर टाउनशिपचे परमिट लागते. परमिट काढले की निरीक्षक येतात. भिंती बंद होण्याआधी तारा आणि नळ बघतात. मग कर निर्धारणाधिकाऱ्यालाही खबर लागते आणि घरपट्टी वाढते. घरपट्टीच्या बाबतीत न्यू जर्सी देशात सर्वांत वर आहे, त्यामुळे कंत्राटदार हळू आवाजात म्हणतो, ‘परमिटचं बघा, तुम्ही म्हणाल तसं. सगळे नाही घेत.’ हे ‘सगळे’ कोण, हे आपल्याला ठाऊक असते. त्यांच्याकडे आपण आरत्या म्हटलेल्या असतात.

परमिट न घेण्याचे फायदे तत्काळ मिळतात. तोटे घर विकताना मिळतात, म्हणजे तेव्हा मुले कॉलेजात गेलेली असतात आणि आपल्याला भांडायला भरपूर वेळ असतो. खरेदीदाराचा वकील परमिटची फाइल मागतो, टाउनशिप म्हणते, आत काय आहे ते दाखवा, आणि रंगवलेले शीटरॉक कापून तारा दाखवाव्या लागतात. खाली झोपायची खोली काढली असेल तर आणखी एक प्रश्न येतो : आग लागली तर माणूस बाहेर कसा पडणार? निवासी इमारतींच्या संहितेप्रमाणे अशा खोलीच्या खिडकीतून साधारण ५.७ चौरस फुटांची वाट मोकळी हवी आणि खिडकीची खालची कड जमिनीपासून ४४ इंचांच्या आत हवी. बेसमेंटची मूळ खिडकी छताला टेकलेली असते. सहा महिन्यांसाठी पुण्याहून येणाऱ्या आईबाबांना खाली झोपवायचे ठरले असेल, तर स्टूलवर चढून त्या खिडकीतून बाहेर पडण्याचा सराव त्यांच्याकडून आधी करून घ्यावा. कंत्राटदार सुचवणारे गृहस्थ हा सराव स्वतः करून दाखवायला तयार होतात का, तेही बघावे.

इथे विडंबन क्षणभर बाजूला ठेवतो, कारण विषय रेडॉनचा आहे. १९८४ साली पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्राच्या बांधकामावर काम करणाऱ्या एका अभियंत्यामुळे किरणोत्सर्गाचे यंत्र वाजू लागले. चमत्कार असा, की केंद्रात तेव्हा अणुइंधनच नव्हते. तो किरणोत्सर्ग घरून घेऊन येत होता. खडकातून झिरपणारा रेडॉन वायू त्याच्या घरात साठला होता. खडकांचा तोच पट्टा न्यू जर्सीच्या उत्तरेकडे येतो. अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगाचे धूम्रपानाखालोखाल हेच कारण मानले जाते. हवेच्या दर लिटरमागे चार पिकोक्युरी किंवा त्याहून जास्त भरले, तर उपाय करा असे पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. उपाय म्हणजे जमिनीखालून वर छपरापर्यंत नेलेली एक नळी आणि एक पंखा. जमीन उघडी असताना हे काम सोपे असते. लाकडी फ्लोअरिंग पडल्यावर तेच जिवावर येते. रेडॉन मोजायची डबी आणून आधी मोजा. बस्स, एवढेच. पुन्हा मार्गदर्शनाकडे.

पाण्याबद्दल कंत्राटदाराला विचारले की तो भिंतीवर हात फिरवून म्हणतो, ‘कोरडंय.’ ऑगस्टमध्ये, दुपारी, ते खरे असते. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाच्या पावसाने राज्यभर जी बेसमेंटे भरली, तीही दुपारी कोरडीच होती. पाणी उपसणारा संप पंप विजेवर चालतो, आणि वीज वादळातच जाते, म्हणून बॅटरीवरचा दुसरा पंप घ्यावा असे कुणीतरी अकरा पानांत लिहिले होते. नेहमीच्या गृहविम्यात पूर येत नाही, पंप बंद पडून आलेले पाणीही सहसा वेगळा हप्ता भरल्याशिवाय येत नाही. भिडस्ताने हे वाचावे आणि बारसाठी ग्रॅनाइट निवडायला जावे.

मधोमध उभा असलेला लोखंडी खांब हलवता येईल का, असे मात्र जरूर विचारा. याला लॅली कॉलम म्हणतात. जॉन लॅली या बांधकाम व्यावसायिकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काँक्रीट भरलेल्या नळीचे पेटंट घेतले, तेव्हापासून हा खांब अमेरिकेतल्या प्रत्येक होम थिएटरच्या बरोबर मध्यभागी उभा आहे. वरचे घर त्याच्यावर टेकलेले आहे. ‘काढून टाकू, काही होत नाही,’ असे कंत्राटदार म्हणाला, तर त्या एका प्रसंगी भीड सोडायला या लेखाची परवानगी आहे.

शेवटचा हप्ता. नियम सांगतो, अंतिम तपासणीचे प्रमाणपत्र ग्राहकाच्या हातात दिल्याशिवाय अखेरचे पैसे मागायचे नाहीत. पण तो दिवाळीच्या आदल्या आठवड्यात येतो, बुटांना प्लास्टिक घालून, अदबीने, आणि म्हणतो, ‘पोरांचे पगार करायचेत हो.’ चेक लिहावा. सोबत चिवड्याचा डबा द्यावा. एका प्लगचे झाकण आणि बाथरूमच्या दाराची मूठ तेवढी राहिलेली असते, ती मंगळवारी बसणार असते.

मंगळवार येतो आणि जातो. मेसेजवर दोन निळ्या खुणा उमटतात, उत्तर येत नाही. अशा वेळी ज्यांनी नाव सुचवले त्यांना फोन करावा. ते पलीकडून मनापासून हसतात. ‘अरे, मूठ ना? ती आमच्याकडेही राहिलीय. आम्ही आत गेलो की गाणं म्हणतो.’