बोंजूरकाका

पुण्यातल्या एखाद्या कॉलेजात संध्याकाळी चालणाऱ्या फ्रेंचच्या वर्गात डोकवा, पहिल्या बाकावर बोंजूरकाका सापडतीलच. बँकेतून निवृत्त, खिशात तीन रंगांची पेनं, वहीला खाकी कव्हर आणि त्यावर नाव, बॅच, वार, वेळ. मॅडमच्या हजेरीपटालासुद्धा कव्हर नसतं.

बाकीचा वर्ग कामापुरता आलेला असतो. कॉलेजातल्या पोरांना फ्रेंचमध्ये मार्क पडतात असं कुणीतरी सांगितलेलं असतं. मागच्या बाकावरच्या नवराबायकोला कॅनडाला जायचं असतं. 2023पासून तिकडच्या एक्स्प्रेस एन्ट्रीत फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्या निघतात, म्हणून ती दोघं हिंजवडीहून थेट वर्गात येतात आणि भाज्यांची नावं घोकता घोकता डुलक्या घेतात. काकांना मात्र कुठेच जायचं नसतं. त्यांना अभ्यासक्रम आवडतो. भाषा त्याच्याबरोबर येते, एवढंच.

पहिल्या दिवशी मॅडम नियम सांगतात: हजेरी 75 टक्के, गृहपाठ दर आठवड्याला, वर्गात मराठी-इंग्रजी बंद. पोरं फळ्याचा फोटो काढतात. काका उतरवून घेतात आणि हात वर करतात.

"मॅडम, 75 टक्के म्हणजे दिवसांचे की तासांचे?"

आजवर हा प्रश्न कुणी विचारलेला नसतो. मॅडम गडबडतात आणि मराठीत उत्तर देतात. पाच मिनिटांत पहिला नियम मोडतो, तो मॅडमकडूनच. पुढे डेल्फ ए-वनचा, म्हणजे फ्रेंचच्या पहिल्या पातळीच्या परीक्षेचा विषय निघतो. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकी 25 गुण. पास व्हायला 100पैकी 50, पण प्रत्येक भागात किमान 5 हवेतच. हे सगळं काकांनी शेजारच्या पोराला आधीच सांगून ठेवलेलं असतं.

काका ढ आहेत असं कुणी समजू नये. आकडे आले तेव्हा अख्खा वर्ग गारद झाला. सत्त्याण्णव म्हणजे फ्रेंचमध्ये चार विसा, दहा आणि सात. इंजिनीअरिंगची पोरं कपाळाला हात लावून बसली. काका खूश! "अरे, माझी आजी आंबे अश्शीच मोजायची. चार विसा आणि वर सतरा." त्या दिवशी वर्गात फ्रेंच फक्त त्यांनाच येत होतं.

उच्चारांशी मात्र त्यांचं कधीच जमलं नाही. 'ते बोलतात' हे क्रियापद लिहायला सात अक्षरं, आणि त्यातली शेवटची तीन म्हणायचीच नाहीत, हे ऐकून ते अस्वस्थ झाले. बराच वेळ वहीकडे बघत राहिले. मग समजुतीने म्हणाले, "म्हणजे डॉर्मंट अकाउंट. बॅलन्स आहे, व्यवहार नाही."

परीक्षेत लेखनाचा पहिला प्रश्न असतो फॉर्म भरण्याचा: नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, व्यवसाय. चाळीस वर्षं लोकांचे फॉर्म परत पाठवलेल्या माणसाला आणखी काय हवं? काकांनी तो मोत्यासारख्या अक्षरात भरला, आणि जिथे खाडाखोड झाली तिथे शेजारी सही केली.

तोंडी परीक्षेत दुकानात खरेदी करायचं नाटक असतं आणि पैसे द्यायला खोट्या नोटा-नाणी ठेवलेली असतात. काकांनी आधी नोटा मोजल्या. दोनदा. मग सफरचंदांचा भाव ऐकून परीक्षकबाईंशी घासाघीस केली. त्यांचं फ्रेंच तिसऱ्या वाक्याला संपलं, घासाघीस मात्र चालूच राहिली. बाईंनी शेवटी भाव उतरवला म्हणतात.

काका पास झाले, 61 गुणांनी. पेढे वाटले. आणि पुढच्या सत्रात पुन्हा ए-वनच्याच पहिल्या बाकावर, नव्या वहीला कव्हर घालून हजर! मॅडमनाही आता सवय झाली आहे. सुट्ट्यांची यादी हवी असली की त्या ऑफिसात जात नाहीत, काकांना विचारतात.

वर्गात सगळे आपापली ओळख करून देतात तेव्हा काका उभे राहतात आणि खणखणीत आवाजात सांगतात, "ज त्राव्हाय आ ला बाँक." मी बँकेत काम करतो. पहिल्या वेळी मॅडमनी हळूच विचारलं होतं, "पण काका, तुम्ही तर रिटायर झालात ना?" त्यावर काका म्हणाले, "हो, पण तो धडा अजून झालेला नाही." खरंच होतं. तोवर वर्गात फक्त वर्तमानकाळ शिकवून झाला होता.

यंदा कॉलेजातल्या एका मुलीने त्यांना मधल्या सुट्टीत गाठलं. "काका, तुम्ही ए-टू का करत नाही हो? तुम्हाला तर सगळं येतं."

"तिथे पहिल्या महिन्यापासून भूतकाळ असतो गं," काका म्हणाले. "मला रिटायर व्हावं लागेल." आणि लगेच, "बरं, तू परीक्षेच्या फॉर्मवर फोटो चिकटवलास ना? स्टेपल केलेला चालत नाही."