अर्धा आटा अजून

पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुनी गाडी जॅकवर चढवलेली दिसली, की तिच्या बाजूने बाहेर आलेले पाय निवृत्त इंजिनिअरचे समजावेत. हे काका पिंपरीच्या एखाद्या कारखान्यात तीस वर्षं क्वालिटीला काढून आलेले असतात. गॅरेजवाल्यावर त्यांचा विश्वास नसतो. गॅरेजवाल्याचाही त्यांच्यावर नसतो, पण तो बिचारा बोलत नाही.

पंधरा वर्षं झाली म्हणून गाडीची आरटीओत फेरनोंदणी होते. रबराची कोण करणार? ब्रेकच्या होजना चिरा पडलेल्या दिसल्या, की काका नाना पेठेत चार दुकानं पालथी घालून उत्तमातले उत्तम होज आणतात. तिथे पैशाकडे बघत नाहीत. हात आखडतो तो तांब्याच्या वॉशरपाशी. होज कॅलिपरला बँजो बोल्टने बसतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकेक वॉशर लागतं. बोल्ट आवळला की मऊ तांबं चेपतं आणि फट बुजते. मात्र एकदा चेपलेलं तांबं कडक होतं, म्हणून होज काढला की वॉशर नवं घालायचं. हे काका आपल्याला चहा गार होईपर्यंत समजावून सांगतात. आणि दुकानदाराने वॉशरची पुडी पुढे केली, की बाणेदारपणे म्हणतात, "घरी आहेत."

घरी असतातच. बोर्नव्हिटाच्या डब्यात, वापरलेली.

जोडाजोड झाली की हवा काढायला काकूंना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं जातं.

"दाब."

"दाबलंय."

"धर. धरून ठेव!"

"लग्नापासून धरूनच आहे."

हवा निघते, पेडल कडक होतं, काका विजयी मुद्रेने हात पुसतात, आणि चाकाखाली अंथरलेल्या कालच्या पेपरावर, नेमका राशिभविष्यावर, एक थेंब पडतो. काकांच्या मते तो मघाशी सांडलेलाच असतो. सगळं कोरडं पुसून काकूंना पुन्हा दाबायला सांगतात. पुन्हा थेंब.

"अर्धा आटा अजून," काका म्हणतात.

या अर्ध्या आट्यावर त्यांची श्रद्धा पंढरीच्या वारकऱ्याइतकी असते. संध्याकाळपर्यंत असे अर्धे अर्धे बरेच आटे होतात. बँजो बोल्टवरून मोर्चा होजच्या दुसऱ्या टोकाला, लोखंडी पाइपच्या नटाकडे वळतो. नट साध्या फिक्स पान्ह्याने आवळून त्याचे कोपरे गोल होतात. होजला पीळ बसतो. थेंब तेवढा आपली वेळ चुकवत नाही.

एव्हाना प्रेक्षक जमलेले असतात. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ सुचवतात, "टेफ्लॉन टेप गुंडाळा की. आमच्या गीझरला..." इथे काका गाडीखालून सरपटत बाहेर येतात. "गीझर? अहो, इथे गळती आटे अडवत नाहीत! पाइपचं पसरट तोंड नट दाबून धरतो, सील तिथे होतं. टेपचा तुकडा सुटून आत गेला तर?" हे शंभर टक्के खरं असतं. मग ते ब्रेक ऑइलवर येतात: हवेतली ओल शोषतं, डॉट ३चा उत्कलनबिंदू २०५ अंशांवरून १४०पर्यंत उतरू शकतो, रंगावर सांडलं तर रंग सोलतं. ऐकून आपण थक्क होतो. ज्या डब्यातून ते ऑइल ओतत असतात, तो गेल्याच्या गेल्या दिवाळीत उघडलेला असतो, हे विचारायचं नसतं.

रात्री जुनी वॉशर स्वयंपाकघरात जातात. लाल होईपर्यंत तापवलं की तांबं पुन्हा मऊ पडतं, हेही शास्त्रशुद्धच. चिमट्यात वॉशर, शेजारच्या शेगडीवर आमटी. पण तांबं मऊ झालं तरी त्यावरचा जुना चरा काही जात नाही. सकाळी पेपरावर थेंब.

शेवटी काकू भाजीला म्हणून बाहेर पडतात. नमुन्याचं एक वॉशर पर्समध्ये. परततात तेव्हा पिशवीत कोथिंबिरीच्या जुडीखाली नव्या वॉशरांची पुडी असते. काका पुडीकडे बघतात, काकूंकडे बघत नाहीत. बोल्ट बेताने आवळतात, पीळ सोडवतात, पुन्हा हवा काढतात. पेपर कोरडा!

"बघ," काका म्हणतात, "शेवटी अर्धाच आटा हवा होता. चल, तुला बहिणीकडे सोडतो."

"तुम्ही आधी सोसायटीतच चार फेऱ्या मारा," काकू पर्स उचलत म्हणतात. "मी रिक्षाने पुढे होते."