ढिगातले साहेब

पुण्या-मुंबईच्या पोरांनी जुने कपडे घालण्याची कला नुकतीच शोधून काढली, त्याबद्दल त्यांचे अभिनंदन. बुलढाणा जिल्ह्यात थोरल्याची पँट धाकट्याला आणि शेवटी तिची पिशवी, हा शिरस्ता जुनाच. त्याला कुणी ‘स्टाइल’ म्हटले नव्हते, एवढेच. आता आठवडी बाजारातल्या ढिगातून शर्ट ओढायचा. खांदे उतरले तर तो ‘ओव्हरसाइज’, आखूड निघाला तर ‘क्रॉप’. टेलरकाका विचारतात, ‘भाऊ, मापात करून देऊ का?’ भाऊ दचकतो. मापात आला तर फॅशन गेली ना!

१८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने याच जिल्ह्यातल्या खामगावात रेल्वेचा फाटा सुरू केला, तो इथला कापूस विलायतेच्या गिरण्यांना लवकर मिळावा म्हणून. कापूस आजही इथे पिकतो. बाप तो क्विंटलने विकतो आणि पोरगा कुणीतरी टाकलेल्या शर्टावर ‘शंभर टक्के कॉटन’चा टॅग शाबूत बघून घासाघीस करतो. तिकडे घरी आईने बापाचा लग्नातला सफारी एका पातेल्यावर बोहारणीला देऊन टाकलेला असतो. पुढच्या बाजाराला पोरगा तोच घेऊन येईल, ‘विंटेज’ म्हणून, पातेल्याच्या दुप्पट भावाने.