गिअरच्या दांड्यास अनावृत पत्र

प्रति,
माननीय गिअर दांडासाहेब,
मारुती ८००, दोन सीटांच्या मधोमध,
मु. पो. भातकुली, जि. अमरावती.

विषय : पहिल्या-दुसऱ्या गिअरबाबत होणारी टाळाटाळ आणि रिव्हर्सबाबत पुकारलेला असहकार.

संदर्भ : आपलाच 'कर्रर्र', भर बाजाराच्या दिवशी, सर्वांसमक्ष.

महोदय,

स. न. वि. वि. पत्र लिहिण्यास कारण की, तोंडी विनंत्या करून झाल्या. काही हळू आवाजात केल्या, काही मोठ्या आवाजात. काही अस्सल वऱ्हाडीत केल्या, त्या इथे छापता येणार नाहीत. उपयोग शून्य. तेव्हा आता लेखी.

आपण सरळ 'नाही' कधीच म्हणत नाही, एवढं मान्य करायला हवं. दुसरा टाकायला घेतला की आपण निम्म्या वाटेपर्यंत येता, आशा दाखवता आणि तिथेच बसून राहता. मागच्या ट्रॅक्टरवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तरी आपली बैठक मोडत नाही. नकार न देता काम अडवून ठेवायची ही हातोटी खाजगी नोकरीत येत नाही, म्हणून आपलं कुळ तपासलं. मारुती उद्योग १९८१ साली स्थापन झाली ती सरकारी कंपनी म्हणूनच, आणि सुझुकीचा वाटा सुरुवातीला अवघा २६ टक्के होता. मग उलगडा झाला. इंजिन जपानी वळणाचं असेल, दांडा मात्र पूर्णपणे खात्यातला.

रिव्हर्सच्या बाबतीत तर आपण थेट पुराणाचा आधार घेतलेला दिसतो. भातकुली म्हणजेच भोजकट, असं या भागात परंपरेने मानतात. रुक्मिणीला श्रीकृष्णाने नेलं तेव्हा तिचा भाऊ रुक्मी पाठलागावर निघाला. बहिणीला परत आणल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही, अशी त्याची प्रतिज्ञा. पुढे हरला, मिशा-केस गमावले, पण माघारी फिरला नाही. वाटेतच भोजकट वसवून राहिला. कुंडिनपूर म्हणजे आपलं वर्धेकाठचं कौंडण्यपूर, याच जिल्ह्यात. तेवढं अंतरही गड्याला मागे जाता आलं नाही. त्या गावात राहून आपणही रिव्हर्स घेणार नाही म्हणता, हा स्थानिक अस्मितेचा मुद्दा झाला. पण साहेब, रुक्मीला गाडी अंगणात लावायची नव्हती. मला रोज लावायची असते.

आपल्याआधीची पिढीही पाहिली आहे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीची कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी पद्मिनी घ्या. तिचा दांडा स्टिअरिंगच्या मानेवर असायचा. वर दांडा हलवला की हुकूम सळ्या-सांध्यांतून खाली गिअर बॉक्सपर्यंत जायचा, आणि सांधे झिजले की तोही अडायचा. तरी मुंबईत त्या गाड्या टॅक्सी म्हणून राबल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून उतरली, तीही वीस वर्षांची वयोमर्यादा भरली म्हणून. आपल्या ८०० चं उत्पादन १८ जानेवारी २०१४ ला थांबलं. म्हणजे निवृत्ती जाहीर झाली आहे, बदली कर्मचारी येणार नाही, तेव्हा आहे त्या माणसाकडूनच काम करून घेणं भाग आहे. आपल्याला हे पक्कं ठाऊक असावं.

आपण अडल्याची बातमी फुटल्यावर पानठेल्यावर तज्ज्ञांची बैठक बसली. एकाने घासलेट ओतायला सांगितलं. कुठे, हे सांगितलं नाही. दुसऱ्याचं म्हणणं, "जोर लावा ना भाऊ, जाते कुठी तो!" तिसऱ्याने गाडी भंगारात द्यायचा सल्ला दिला आणि पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणाला किती पैसे पडतात याचा हिशोबही मांडला. १ एप्रिल २०२२ पासून सहाशेचे पाच हजार झाले, हे त्याचं बरोबर होतं. गिअरशी त्याचा संबंध काय, हे मात्र शेवटपर्यंत कळलं नाही. शहरातल्या एका गॅरेजने गाडी न हलवताच निदान केलं : गिअर बॉक्स उतरवावा लागेल. आजार कळायच्या आधी ऑपरेशनची तारीख मिळाली.

शेवटी गावातल्या मिस्तरीला बोलावलं. तो दांड्याला हातच लावेना. म्हणाला, "आंधी इंजिन बंद करा. मंग टाका गिअर."

टाकला. तिसरा गेला, चौथा गेला, आणि साहेब, रिव्हर्स! प्रतिज्ञा विसरून मुकाट्याने गेला. पहिल्या-दुसऱ्याच्या रांगेत मात्र तेवढंच अडखळलं. मग इंजिन सुरू करून पुन्हा टाकला, तर रिव्हर्सचा 'कर्रर्र' हजर. मिस्तरी एवढंच बोलला, "दोन बिमाऱ्या हायेत. दांड्याले काहूनच शिव्या देऊन राह्यले?"

पहिला दोष निघाला क्लचचा. पेडल दाबलं की इंजिन आणि गिअर बॉक्स यांची फारकत व्हायला हवी. क्लच वायर ताणली गेली की पेडल तळाला टेकतं, पण फारकत अर्धवट राहते आणि गिअर बॉक्सचा शाफ्ट फिरतच राहतो. पुढच्या गिअरांत पितळी सिंक्रो रिंग असते. दोन फिरत्या भागांचा वेग जुळवून मगच ती दातांना एकमेकांत जाऊ देते. ही सोय १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅकने आणली. त्याआधी वेग जुळवायचं काम ड्रायव्हरच्या कानावर आणि नशिबावर होतं. आपल्या रिव्हर्सला ही रिंग नाही. शाफ्ट फिरता असेल तर दात दातांवर आपटणार आणि आवाज होणारच. म्हणून रिव्हर्स टाकताना गाडी पूर्ण थांबवायची, क्लच दाबून दोन-तीन सेकंद धीर धरायचा, मग टाकायचा. तरी दात समोरासमोर आले तर न्यूट्रलमध्ये क्लच एकदा सोडून पुन्हा दाबायचा. मिस्तरीने वायरच्या टोकाचा नट फिरवून पेडलचा खेळ बोटभर ठेवला आणि आपला असहकार संपला.

दुसरा दोष गाडीखाली होता. आपण बसता सीटांच्या मधे आणि गिअर बॉक्स पुढे इंजिनाशेजारी. मधला कारभार एका लांब रॉडकडे. तो डावी-उजवीकडे वळून रांग निवडतो, पुढे-मागे सरकून गिअर पाडतो, आणि हे सगळं रस्त्यापासून वीतभर उंचीवर, उघड्यावर. गाडी जॅकवर उचलून घोड्यांवर ठेवली. मिस्तरी खाली सरकला, रॉड मुठीत धरला आणि मला दांडा हलवायला सांगितला. आपण चांगले दोन बोटं डावीकडे सरकलात. खालून आवाज आला, "रॉड तं हाललाच नाही!"

रॉड दिसत तरी कुठे होता? आपल्या काळ्या मातीचा थर त्याच्यावर चढला होता. पावसाळ्यात ही माती चाकाने उडून वर बसते, उन्हाळ्यात वाळून दगड होते. स्क्रू ड्रायव्हरने ती खरवडली तेव्हा सांध्यातला बुश दिसला : एका बाजूने पार झिजलेला, भोक गोलाचं लांबट झालेलं. त्यातला बोल्ट गंजून फुगला होता. दांडा हलला तरी अर्धी हालचाल त्या भोकातच जिरायची. त्यामुळे पहिल्या-दुसऱ्याची रांग पुरती गाठली जात नव्हती आणि गिअर उंबरठ्यावर अडत होता.

गंज कुठून आला, हे विचारायला अमरावतीला जायची गरज नाही. आपण राहतो पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, पिकाला दिलं तर जमीन रुसते, पण गाडी धुवायला मात्र आपण तेच वापरतो. वरून पत्रा चकचकीत होतो आणि खाली मिठाचं पाणी मातीत मुरून सांध्यांना ओल धरून ठेवतं. मीठ आणि ओल एकत्र आली की लोखंडाला तिसरा शत्रू लागत नाही. वर घातलेलं ग्रीसही वाया गेलं होतं. माती न काढता लावलेलं ग्रीस धूळ धरून ठेवतं आणि सांधा कानशीने घासावा तसा झिजवतं. आपल्या बुडाशी असलेला रबराचा बूटही फाटला होता. धुळीला वरूनही मुक्त प्रवेश.

मिस्तरीने माती काढली, सांधा गोड्या पाण्याने धुऊन पुसून कोरडा केला, नवा बुश आणि नवा बोल्ट घातला, मग ग्रीस. गिअर ऑइलची पातळी पाहिली, ती ठीक होती. गिअर बॉक्स जागचा हलला नाही. बुशची किंमत ऐकून शहरातल्या गॅरेजचा अंदाज आठवला आणि हसावं की रडावं कळेना.

तेव्हा साहेब, आपल्यावरचे सर्व आरोप मागे घेण्यात येत आहेत. आपण हुकूम पोचवत होता, खाली तो कुणी ऐकत नव्हतं. आपल्याकडची रीतच अशी : जो दिसतो, हाताला लागतो, त्यालाच लोक हिसडे देतात. तलाठी दिसतो, कंडक्टर दिसतो, खिडकीवरचा कारकून दिसतो. मधला झिजलेला बुश कुठे आहे हे पाहायला खाली वाकावं लागतं, कपडे मळतात. त्यापेक्षा दांडा जोरात ओढणं सोपं. त्या जोराने खालचा रॉड वाकतो, आतले दात तुटतात, आणि मग गिअर बॉक्स खरोखरच उतरवावा लागतो. तज्ज्ञांचं भाकीत असं खरं ठरतं.

कळावे, लोभ असावा. चुकून चौथ्याऐवजी दुसऱ्यात जाऊ नये.

आपला,
एक गाडीवाला

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :

१) क्लच वायर : पुन्हा ताणली गेल्यास वेळीच कळवावे.

२) पानठेल्यावरील तज्ज्ञ मंडळ : घासलेट परत न्यावे.

३) जुन्या गाडीचे सर्व मालक, खारपाणपट्टा : गिअर अडला तर जोर लावू नका. आधी इंजिन बंद करून टाकून पाहा. बंद असताना सहज पडला तर क्लच तपासा. बंद असतानाही अडला तर गाडीखालचा रॉड आणि बुश पाहा. दोन्ही ठीक असतील तरच गिअर बॉक्सचा विचार करा. आणि पावसाळा संपला की गाडीची खालची बाजू एकदा नळाच्या गोड्या पाण्याने धुऊन घ्या.